शेजाराचं मनन

हे मनन वाचायला अर्धा तास हाताशी ठेवा. फोन पालथा घाला. जिथे प्रश्न येईल तिथे थांबा, दोन-चार श्वास जाऊ द्या. उत्तर लगेच सापडलं नाही तरी बिघडत नाही. प्रश्न मनात मुरला म्हणजे झालं.

मनाने बदलापूर गावात या. स्टेशनवरून बारवी धरणाकडे रस्ता जातो, त्या अंगाचं हे जुनं गाव. कुळगावच्या टोलेजंग इमारती फार नंतरच्या. उल्हास नदी इथून जवळच. काठावर बसा. नदीकडे पाठ केली तर रुळांच्या पलीकडे चंदेरी, तावली, मलंगगड अशी डोंगरांची रांग आहे. आता पाण्याकडे तोंड करा. खंडाळ्याच्या डोंगरांतून निघालेली ही नदी कर्जत, नेरळ करत इथवर येते आणि पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. वाटेत तिने एका शहराला आपलं नाव दिलं आहे. लोकलने गेलात तर आधी अंबरनाथ, मग उल्हासनगर. दोनच स्टेशनं.

त्या शहराकडे जायचं आहे. पण सुरुवात आपल्याच जिन्यापासून करू.

गावाला जाताना घराची किल्ली तुम्ही कोणाकडे ठेवता? रात्री दोन वाजता घरात कोणाच्या छातीत कळ आली, तर पहिलं दार कोणाचं वाजवाल? तो चेहरा डोळ्यांसमोर आणा. त्याचा आवाज, त्याच्या घरातला फोडणीचा वास, त्याच्या दाराशी पडलेल्या चपला. आता स्वतःला विचारा, त्या माणसाची जात, धर्म, मातृभाषा मनात कितव्या क्रमांकावर आली?

शेवटी आली असेल, किंवा आलीच नसेल, तर तुमच्याकडे एक मोठी दौलत आहे. शेजार म्हणजे हेच सोयीचं विसरणं. दोन समाजांत वर्षानुवर्षं वैर धुमसत राहिलं की सगळ्यांत आधी जातं ते हे विसरणं. दगड पडण्याच्या, घरं जळण्याच्या कितीतरी आधी समोरच्या बिऱ्हाडाचं आडनाव लख्ख दिसायला लागतं आणि त्यातला माणूस मागे पडतो. मेलेल्यांची मोजदाद पुढे एखादा आयोग करतो. गेलेल्या शेजाराचा पंचनामा कोणी करत नाही.

इथे थोडं थांबा.

आता सिंधकडे वळू, कारण उल्हासनगर वसवणारी माणसं तिथून आली. आपल्याला वाटतो तितका तो मुलूख परका नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीची जुनी नावाजलेली शाळा, नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल, एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने उभी आहे. थोडी मराठी कुटुंबं अजूनही कराचीत राहतात आणि क्लिफ्टनजवळच्या रत्नेश्वर महादेवाच्या देवळात गणेशोत्सव करतात. सिंधमध्ये उडेरोलाल इथे एकाच आवारात देऊळही आहे आणि दर्गाही. हिंदू तिथे झुलेलालला हात जोडायचे, मुसलमान त्याच जागी पिराला सलाम करायचे. दोघांचीही बोली सिंधीच.

ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाबात रक्ताचे पाट वाहिले तसे सिंधमध्ये वाहिले नाहीत. बरेच हिंदू थांबले. होईल ठीक, म्हणाले. मग ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली. गुरुद्वारात आसऱ्याला आलेल्या शिखांवर हल्ला झाला, हिंदूंची घरं लुटली गेली. थांबलेलेही निघाले. कोणी बोटीने मुंबईला आलं, कोणी रेल्वेने राजस्थानमार्गे. दहा-बारा लाख माणसांनी असं घर सोडलं.

त्या दिवसांतलं एक घर मनात आणा. ट्रंक भरली जाते आहे. काय घ्यायचं, काय ठेवायचं? दागिने अंगावर की पदराच्या गाठीत? जमिनीचे कागद घ्यायचे का, म्हणजे परत यायचं ठरलंय का? शेजारची मुसलमान बाई दाराशी उभी आहे. तिच्याकडे किल्ली देताना काय बोलायचं?

निघालेल्यांच्या आठवणींत हे दृश्य वेगवेगळ्या तऱ्हेने येतं, आणि त्यातला शेजारी फार क्वचित दुष्ट असतो. पुष्कळदा तो रडलेला असतो. मग ही माणसं घाबरली कोणाला? अनोळखी जमावाला घाबरली. आणि त्याहून अधिक एका शक्यतेला घाबरली: उद्या तो जमाव दारात आला, तर आपला हा चांगला शेजारी गप्प राहील. चांगल्या माणसांच्या गप्प बसण्याची खात्री पटली की माणूस गाव सोडतो.

हे वाक्य स्वतःकडे वळवा. उद्या तुमच्या गल्लीत असा जमाव आला, तर तुमचा शेजारी तुमच्यासाठी बोलेल? आणि तुम्ही त्याच्यासाठी?

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या झाल्या. पाच कॅम्पांत पसरलेल्या या बराकींत सरकारने सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर लोकांची सोय केली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगरीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिचं नाव ठेवलं गेलं. तरी आजही रिक्षावाल्याला सांगताना लोक ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच सांगतात.

एक बराक डोळ्यांसमोर आणा. सैनिकांनी ओळीने खाटा टाकून झोपावं म्हणून बांधलेली ती लांबच लांब खोली. तिच्यात अनेक बिऱ्हाडं. दोन बिऱ्हाडांच्या मधे भिंत नाही, गोणपाट किंवा जुन्या साडीचा पडदा. पलीकडचा खोकला इथे ऐकू येतो, इथलं भांडण तिथे. नवं लग्न झालेलं जोडपं कुजबुजायलाही बिचकतं. पाण्याला रांग, संडासला रांग, रेशनला रांग. ज्याची हैदराबाद-सिंधला दोन मजली हवेली होती आणि ज्याचं शिकारपूरला टपरीएवढं दुकान होतं, ते दोघं त्याच रांगेत.

हवेली गेली याचं दुःख तर असणारच. पण त्याहून अवघड गोष्ट अशी की आपण कोण होतो हे सांगायला साक्षीदार उरत नाही. गावात तुमची पत असते, कारण तुमच्या आजोबाला ओळखणारा कोणीतरी असतो. छावणीत ती पत शून्यावर येते. त्या शून्यातून ही माणसं उठली कशी? मुलांनी लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटं विकली. बायकांनी पापड लाटले. पुरुषांनी नफा इतका कमी ठेवला की साखर खरेदीच्या भावात विकायची आणि रिकाम्या गोणीवर कमवायचं, अशी आख्यायिका झाली. सिंधी घरात पाहुणा आला की आजही आधी पापड आणि पाणी पुढे येतं. तो भाजलेला पापड हातात आहे असं समजा. कडेला काळपट झालेला, मिऱ्याचा झटका असलेला. आग्रह इतका, की मोडून तोंडात टाकल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. ज्यांना दार बंद करून निघावं लागलं, त्यांनी नव्या दारात आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, ही रीत मोडली नाही.

पण काही गोष्टी मोडल्या. सिंधीला आपलं म्हणावं असं राज्य भारतात नाही. १९६७ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण अनुसूचीत आल्याने भाषा स्वयंपाकघरात टिकत नाही. अरबी वळणाची लिपी आजोबांबरोबर चालली आहे. नातवंडं हिंदी, इंग्रजी, मराठी बोलतात. आजीची गोष्ट नातीला पूर्ण कळत नाही, आणि आजीही मग गोष्ट अर्ध्यावर सोडते. लांबलेल्या वैराचा हा परिणाम कोणत्याही दंगलीच्या अहवालात येत नाही. आणखी एक परिणाम म्हणजे मौन. पुष्कळ घरांत तिथलं सांगायचंच नाही असं ठरून गेलं. मुलांनी पुढे जावं म्हणून आईबाप गप्प राहिले, आणि मुलांना वाटलं, काही घडलंच नसेल.

शेजार तुटून छावणीत येण्याची हीच वेळ मणिपूरवरही आली. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी समाजांत हिंसा पेटली. अडीचशेहून अधिक माणसं मेली, साठ हजारांवर लोक घराबाहेर पडले. खोरं आणि डोंगर यांच्यामध्ये सुरक्षा दलांनी राखलेला पट्टा आला. काल एकाच वर्गात बसणारी पोरं आज एकमेकांच्या भागात पाऊल टाकू शकत नाहीत. आणि मदत छावणीत चालायला शिकलेल्या मुलाला पलीकडच्या समाजातला एकही माणूस ठाऊक नसतो. त्याला फक्त गोष्टी ठाऊक असतात. वैर दुसऱ्या पिढीत जातं ते याच वाटेने.

श्वास घ्या. पुढचा प्रश्न अवघड आहे.

एक समाज निघून गेला की भांडण मिटतं का? ‘ते’ नसते तर सुखात राहिलो असतो, असं प्रत्येक वैरातल्या दोन्ही बाजूंना वाटत असतं. सिंधने हा प्रयोग करून पाहिला. शहरांतले बहुतेक हिंदू गेले. त्यांच्या रिकाम्या घरांत भारतातून गेलेले, बहुतेक उर्दू बोलणारे मुसलमान राहायला आले. त्यांना मुहाजिर म्हणतात. शहरांत धर्म जवळपास एक झाला. मग १९७२ मध्ये सिंधी भाषेच्या विधेयकावरून सिंधी आणि मुहाजिर यांच्यात दंगली झाल्या. एप्रिल १९८५ मध्ये कराचीत बुशरा झैदी ही विद्यार्थिनी बसखाली चिरडली गेली आणि मुहाजिर-पठाण दंगल भडकली. ३० सप्टेंबर १९८८ ला सिंधमधल्या हैदराबादेत बंदूकधाऱ्यांनी एका संध्याकाळी दोनशेहून अधिक माणसं मारली, बहुतेक मुहाजिर. ज्या शहरातून उल्हासनगरची अनेक कुटुंबं आली, त्याच शहरात ‘ते’ गेल्यानंतर चाळीस वर्षांनी हे घडलं. धर्माची रेघ पुसली तर भाषेची ओढली गेली.

या गोष्टीवर रेंगाळा. तुमच्या सोसायटीच्या सभेत, कुटुंबाच्या ग्रुपवर ‘त्यांना इथे घर देऊ नका’ असं कोणी म्हणतं तेव्हा तो हाच जुना हिशेब मांडत असतो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. त्यानंतर किती तरी मुसलमान कुटुंबं मुंबईच्या मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्याला आली, आणि मिश्र वस्त्यांतले हिंदूही आपापल्या लोकांत सरकले. दंगल काही आठवड्यांत थांबली, सरकणं थांबलं नाही. कल्याणहून ठाण्याकडे जाताना मुंब्रा मधे लागतं. आपण रोज तिथून जातो. त्या फलाटावर शेवटचे कधी उतरलो होतो?

आता गोष्टीची दुसरी बाजू. छावणी माळावर बसली, पण माळ कोणाचा तरी असतो. इथली आगरी, कोळी, कुणबी गावं आधीपासून होती. युद्धासाठी सरकारने जमिनी घेतल्या, तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही. अंबरनाथजवळच्या नेवाळीला विमानांच्या धावपट्टीसाठी गेलेली शेतं युद्ध संपल्यावरही परत मिळाली नाहीत. तो राग पंचाहत्तर वर्षं साठला आणि २२ जून २०१७ ला रस्त्यावर आला. गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघंही जखमी झाले.

म्हणजे एकाच पंचक्रोशीत घर गेलेले लोक आले आणि शेत गेलेले लोक होतेच. या दोघांत वैर लावणं किती सोपं होतं. ‘निर्वासित’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेलाही. ‘हे आले आणि आमचा धंदा गेला’, हे इथल्या मराठी घरांत अनेकदा बोललं गेलं. ‘घाटी’ हा शब्दही तितक्याच सहज फेकला गेला. तरी ते वैर रुजलं नाही. का रुजलं नाही, याचा विचार करू.

उत्तर बाजारात आहे. बदलापूर-अंबरनाथची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला, स्वस्त कपडा, फर्निचर घ्यायला उल्हासनगरला जात राहिली. ‘साईं, काहीतरी कमी करा की,’ म्हणायचं, साईंनी मराठीत ‘ताई, परवडत नाही हो’ म्हणायचं, आणि शेवटी दोघांनाही परवडायचं. उधारी झाली. उधारी म्हणजे पुढच्या महिन्यातही हा माणूस इथेच असेल यावरचा विश्वास. लोकलच्या डब्यात चौथी सीट सरकवून दिली गेली. मराठी पोरं उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात शिकली. सिंध्यांच्या चेटीचंड सणाच्या मिरवणुकीला रस्ता दिला गेला, गणपतीच्या वर्गणीची पावती सिंधी दुकानातही फाडली गेली. यात थोर काही नव्हतं. रोजचं होतं, म्हणूनच टिकलं.

तुमच्या आठवड्यात दुसऱ्या समाजाच्या माणसाशी असा व्यवहार किती वेळा होतो, ज्यात नाव घेऊन हाक मारावी लागते? ॲपवरून मागवलेल्या वस्तूला धरू नका.

आता पुन्हा रुळांपलीकडच्या डोंगरांकडे बघा. त्यातला मलंगगड हा इथल्या वैराचा आणि शेजाराचा जुना दस्तऐवज आहे. मुसलमानांसाठी तिथे हाजी अब्दुर रहमान मलंग यांचा दर्गा, हिंदूंसाठी मच्छिंद्रनाथांची समाधी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांकडून तिथे नवसाची भेट घेऊन गेले ते कल्याणचे ब्राह्मण काशीनाथपंत केतकर, आणि त्यांनी थडग्याची डागडुजी केली. वहिवाट त्यांच्याकडे राहिली. १८१७ मध्ये वहिवाटीवरून तंटा झाला तेव्हा कलेक्टरने चिठ्ठ्या टाकल्या. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा केतकरांच्या बाजूची निघाली, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. या देवस्थानाचा वाद १९५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आला. १९८० च्या दशकात शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी मलंगमुक्तीचं आंदोलन उभं केलं. तेव्हापासून माघ पौर्णिमेला गडावर आरती चढते, उरूस चढतो आणि पोलीस बंदोबस्तही चढतो.

गड कोणाचा, याचा निवाडा या मननात करायचा नाही. एवढंच बघा, की दोनशे वर्षं तंटा असूनही दोन्हीकडची माणसं एकच पायवाट चढत आली. तंटा होणं हा आजार नव्हे. तंटा सोडवायला दोघांना मान्य असा माणूस, निदान चिठ्ठी, न उरणं हा आजार आहे.

शेवटची जागा भिवंडी. कल्याणहून खाडी ओलांडली की आलीच. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली, न्यायमूर्ती मादन आयोग बसला. १९८४ मध्ये पुन्हा. एका गावाने दोनदा एवढं भोगल्यावर तिसरी ठरलेलीच, असं सगळे म्हणत होते. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या. एका मोहल्ल्यातले हिंदू-मुसलमान, विणकर, दुकानदार, नियमाने एकत्र बसायचे. गटाराचा प्रश्न, भोंग्याचा प्रश्न, पोराने काढलेली छेड, सगळं तिथे यायचं. पोलीस शिपायाला मोहल्ला नावानिशी ठाऊक झाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

तिथली माणसं रातोरात साधू झाली नव्हती. अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात एक ओळखीचा माणूस होता, एवढाच फरक. आणि अशा समित्या बसायच्या बंद झाल्या की तो फरकही ओसरतो. शेजार एकदा उभारून सोडून देता येत नाही.

डोळे मिटा. या सगळ्यातून मनात कोणता एक चेहरा वर आला? तुमच्याच इमारतीतला, बाजारातला, डब्यातला, दुसऱ्या समाजाचा. त्याचं नाव ठाऊक आहे? घर? फोन नंबर?

डोळे उघडा. मनन इथे संपतं, काम उरतं, आणि ते या आठवड्यात करण्यासारखं आहे. त्या माणसाच्या घरी जा. घरात कोणी म्हातारं असेल तर विचारा, ‘तुम्ही इथे कसे आलात?’ आणि मधे न बोलता ऐका. फाळणीच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या घरात आहे, त्यामुळे विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत. ज्याच्या घरी गेलात त्याचा नंबर घ्या, आपला द्या. पुढच्या वेळी त्याच्या समाजाबद्दल पेटवणारा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी त्याला फोन लावा. आणि सोसायटीत कोणी ‘त्यांना नको’ म्हणालं, तर त्या सभेत गप्प बसू नका.